परदेशात नर्सिंगच्या विद्यार्थिनींसोबत माता-बाल आरोग्याचं काम: नाशिकहून जाऊ इच्छिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये नर्सिंग शिकवताना हे प्रश्न माझ्यापर्यंत वर्षभर येत असतात. काही विद्यार्थिनींचे असतात, काही त्यांच्या आईवडिलांचे. नोकरीतून महिनाभर सुट्टी काढून कुठेतरी सेवा करावी असं मनापासून वाटणारेही विचारतात. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच अट आहे, ती आधीच सांगते: जे काम करायची परवानगी तुम्हाला नाशिकच्या सिव्हिलमध्ये नाही, ते दुसऱ्या देशात जाऊनही करायचं नाही. तिथली बाई आपल्या सरावासाठी बाळंत होत नसते.

हे काम नेमकं असतं काय?

तिथल्या नर्सिंग किंवा मिडवाइफरी, म्हणजे सुईणकामाच्या, शाळेच्या विद्यार्थिनींचं पोस्टिंग सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात आणि आसपासच्या गावांत लागतं. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांना त्यांच्या गटात जोडून देतात. काही दिवस गरोदर मातांची तपासणी, लेबर रूम आणि बाळंतिणींचा वॉर्ड. उरलेले दिवस लसीकरण, गृहभेटी, शाळा. ड्युटी त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे चालते आणि शब्द तिथल्या इन्चार्ज सिस्टरचा चालतो.

मी नर्सिंगची नाही. तरी जाता येईल का?

येईल. बाळांची वजनं घेणं, नोंदवह्या भरणं, ओपीडीत बायकांना रांगेत लावून त्यांची कार्डं काढून ठेवणं, आरोग्य शिक्षणाचे तक्ते तयार करणं, शाळेत हात धुण्याचं प्रात्यक्षिक दाखवणं ही कामं तुम्हाला जमतील आणि तिथे त्यांची खरीच गरज असते. रुग्णाला हात लावायचं काम मात्र तुमचं नाही. नर्सिंग न शिकलेल्या माणसाला ‘प्रसूतीत मदत करायला मिळेल’ असं आश्वासन देणारी संस्था भेटली तर तिथूनच मागे फिरा.

कोणत्या वर्षाला असताना जावं?

मिडवाइफरीचा विषय आणि त्याचं पोस्टिंग पूर्ण झाल्याशिवाय नको. माझं मत विचाराल तर शिक्षण संपवून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करून, एखादं वर्ष इथल्या लेबर रूममध्ये काढून जाणाऱ्या मुली सगळ्यात जास्त शिकून येतात. काय पाहायचं हे त्यांच्या डोळ्यांना कळलेलं असतं.

मला बाळंतपण करायला मिळेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

बहुतेक देशांत परक्या नर्सला रुग्णसेवा द्यायची तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. ती नसेल तर तुम्ही निरीक्षक, मग इथे तुम्ही कितीही प्रसूती केलेल्या असोत. विद्यार्थिनी असाल तर हात लावण्याआधी तीन होकार हवेत: तुमच्या कॉलेजचा लेखी, तिथल्या रुग्णालयाचा लेखी आणि त्या बाईचा तोंडी. शेवटचा होकार कळा सुरू असताना घाईघाईत घ्यायचा नाही. ती दाखल होते तेव्हाच, तिच्या भाषेत, तिथल्या सिस्टरने विचारायचं. ‘नको’ म्हणाली की पडद्याबाहेर यायचं आणि चेहऱ्यावर नाराजी दिसू द्यायची नाही.

मनुष्यबळ कमी असलं की एखादी दमलेली सिस्टर म्हणते, ‘तू नर्सिंगची ना, मग घाल हातमोजे.’ अशा वेळी आपलं शिक्षण किती झालंय ते स्पष्ट सांगा आणि जे येतं तेवढंच करा. आतून तपासणी करणं, एपिसिओटमी (योनीमार्गाला छेद) देणं, टाके घालणं, वार हाताने काढणं यांतलं काहीही इथे तुम्ही देखरेखीशिवाय करत नाही, तर तिथेही करायचं नाही. पोट वरून दाबून बाळ ढकलायला कुणी सांगितलं तर नकार द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतीविषयक शिफारशींत ते करू नये असंच म्हटलं आहे, सरसकट एपिसिओटमी करू नये असंही.

मग मी तिथे करू तरी काय?

खूप काही. कळा सोसणाऱ्या बाईजवळ सतत एक माणूस असावं, ही त्याच शिफारशींतली एक गोष्ट आहे आणि गर्दीच्या वॉर्डात नेमकं तेच जमत नाही. तिची कंबर दाबून द्या, घोटभर पाणी द्या, तिला धरून फेऱ्या मारा, कूस बदलायला मदत करा. याला कमी लेखू नका.

दुसरं काम नोंदींचं. दहा मिनिटांत किती कळा, बाळाचे ठोके किती, नाडी, रक्तदाब हे वेळच्या वेळी कागदावर आलं तरच धोका वेळेत दिसतो. तुमच्या पुस्तकात जुना पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता असेल, गर्भाशयाचं तोंड ४ सेंटीमीटर उघडल्यापासून सुरू होणारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आणलेल्या लेबर केअर गाइड या नव्या तक्त्यामध्ये सक्रिय कळांचा टप्पा ५ सेंटीमीटरपासून धरला आहे. जाण्याआधी दोन्ही भरायला शिकून घ्या, कारण तिथे कुठला कागद हातात येईल हे आधी कळत नाही.

तिसरं, रक्तस्राव मोजणं. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव. डोळ्यांनी अंदाज घेतला तर तो जवळजवळ नेहमी कमी निघतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास झाला. बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजायचं आणि मर्यादा ओलांडताच गर्भाशयाची मालिश, गर्भाशय आकुंचन पाववणारं ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, सलाइन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं, एवढीच पद्धत. २०२३ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा गंभीर गुंतागुंत ६० टक्क्यांनी कमी झालेली दिसली. पिशवी नसेल तर पॅड वजन करता येतात, १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलिलिटर. हे काम विद्यार्थिनी करू शकते आणि त्यावर आईचा जीव अवलंबून असतो.

आणखी एक साधं काम: ऑक्सिटोसिनच्या फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहिणं. २ ते ८ अंशांच्या बाहेर राहिलं की त्या औषधाचा जोर कमी होत जातो. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी या नोंदवहीची किंमत फार आहे.

तिथल्या विद्यार्थिनींशी कसं राहायचं?

बरोबरीने. शिकवायला आलोय हा भाव मनात आणू नका. केनियातल्या एका सरकारी रुग्णालयात मी पाहिलेला प्रसंग सांगते. नाशिकची मुलगी डॉप्लरला, म्हणजे बाळाचे ठोके ऐकवणाऱ्या यंत्राला, सरावलेली, तिथे डॉप्लर बंद. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने तिच्या हातात पिनार्ड दिला, ते लाकडी नळकांडं. आमच्या मुलीने कान लावला, काहीच ऐकू येईना. त्या विद्यार्थिनीने पोट चाचपून बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते शोधलं, तिचा हात धरून तिथे ठेवला, पिनार्ड पुन्हा टेकवला आणि पकडलेला हात काढायला लावला, म्हणजे हाताचा आवाज कानात येणार नाही. मग स्वतः दुसऱ्या बाजूने आईची नाडी धरून आमच्या मुलीच्या मनगटावर बोटाने ठेका दिला: हा आईचा, याहून जलद ऐकू येईल तो बाळाचा. मिनिटभराने आमच्या मुलीचे डोळे मोठे झाले.

अशा मुलींकडे चार आठवडे नीट लक्ष दिलं तरी पुष्कळ पदरात पडतं. आपणही काही देऊ शकतो. स्तनपानाची पकड समजावण्याचा आपल्या मुलींचा हात चांगला असतो, कमी वजनाच्या बाळाला छातीशी धरायची कांगारू पद्धत आपण सिव्हिलमध्ये पाहिलेली असते. ही पद्धतही आपल्याकडे कोलंबियातल्या बोगोटाहून आली, १९७० च्या दशकाच्या शेवटी इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून सुरू झालेली.

कोणता देश निवडू?

पहिल्यांदा जात असाल तर नेपाळ किंवा श्रीलंका. प्रवास जवळचा, हवापाणी ओळखीचं, घरच्यांची काळजीही कमी.

नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेनुसार माता मृत्यू प्रमाण १ लाख जिवंत जन्मांमागे १५१ होतं. महाराष्ट्राचं २०१८-२० मध्ये ३३ होतं. डोंगरातल्या वाटा आणि दूरची रुग्णालयं हे कारण आपल्या जिल्ह्याच्या पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी भागात पोस्टिंग केलेल्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. तिथे १९८८ पासून महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका आहेत, ५० हजारांच्या आसपास. आपल्या आशा ताईंच्या आधीपासूनच्या.

श्रीलंकेत मदत करायला म्हणून जाऊ नका, शिकायला जा. साधारण ३,००० लोकसंख्येमागे एक मिडवाइफ घरोघरी फिरते आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिसचा संसर्ग रोखल्याचं प्रमाणपत्र त्या देशाला २०१९ मध्ये मिळालं. आपल्या आदिवासी भागात उपकेंद्रही ३,००० लोकसंख्येलाच असतं. तेवढ्याच लोकसंख्येत त्यांनी काय साधलं ते जवळून पाहा.

आफ्रिकेत गरज सगळ्यात मोठी आहे. २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतलं प्रमाण १ लाख जन्मांमागे ४५४ होतं. केनिया, युगांडा, घाना इथे इंग्रजी चालतं आणि मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे. पण दुसरा अनुभव म्हणून जा, पहिला नको.

आपल्या अभ्यासक्रमात नसलेलं तिथे काय दिसेल?

गरोदर बाईला मलेरिया झालेला नसतानाही प्रतिबंध म्हणून ठरावीक अंतराने सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनच्या गोळ्या देतात, आफ्रिकेत हे नेहमीचंच आहे. पहिल्या तपासणीला मच्छरदाणी देतात. एचआयव्हीबाधित आईला आयुष्यभराचं औषध लगेच सुरू करण्याची पद्धत २०११ मध्ये मलावीने सुरू केली आणि नंतर जगभर पसरली.

नेपाळमध्ये नाळेवर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची जेल लावतात. आपण विद्यार्थिनींना नाळ कोरडी ठेवा, काहीही लावू नका असं शिकवतो. दोन्हींमागे विचार आहे. जिथे नाळेला तेल, हळद, राख लावायची रीत आहे तिथे त्याऐवजी सुरक्षित काहीतरी दिलं तर जंतुसंसर्ग टळतो. तिथे जाऊन ‘हे चूक आहे’ म्हणू नका, का करतात ते विचारा.

केनियाच्या काही समाजांत मुलींच्या जननांगांची कापाकापी झालेल्या माता येतात. २०११ च्या कायद्याने तिथे त्यावर बंदी आहे, पण आधी झालेल्या जखमा प्रसूतीत आडव्या येतात. अशी केस प्रशिक्षित मिडवाइफच हाताळते. तुम्ही शांत राहायचं, एकमेकींकडे पाहायचं नाही, नंतर वॉर्डाबाहेर कुणाला सांगायचं नाही.

आणि हो, केनियात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते सांगतात. आपल्याकडच्या १९९४ च्या कायद्याची सवय असल्याने पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं.

भाषेचं काय?

विद्यार्थिनी आणि सिस्टर इंग्रजी बोलतात, आयांचं तसं नसतं. केनियासाठी स्वाहिली या तिथल्या भाषेतले थोडे शब्द पाठ करून जा: पुमुआ म्हणजे श्वास घे, सुकुमा म्हणजे जोर लाव, माजी म्हणजे पाणी, दामू म्हणजे रक्त, पोले म्हणजे सोसतेयस गं, कळतंय मला. ‘सुकुमा’ मात्र सिस्टरने सांगितल्याशिवाय तोंडातून काढू नका. नेपाळीत हिंदीच्या आधाराने पहिल्या आठवड्यातच बरंच कळायला लागतं.

मी मुलगा आहे, बीएस्सी नर्सिंग करतोय. प्रसूती विभागात घेतील का?

पूर्व आफ्रिकेत पुरुष नर्स आणि पुरुष मिडवाइफ सर्रास दिसतात, तिथे अडचण येत नाही. नेपाळच्या आणि श्रीलंकेच्या गावांत बायका संकोचतात. अर्ज करतानाच विचारा आणि समाज आरोग्याच्या पोस्टिंगची तयारी ठेवा.

गावातलं काम म्हणजे काय? मला लेबर रूमच हवी आहे.

तसं म्हणू नका. लेबर रूममध्ये जे बिघडलेलं दिसतं त्यातलं बरंचसं आधी गावातच बिघडलेलं असतं.

झाडाखाली किंवा शाळेच्या पडवीत शिबिर लागतं. तुळईला स्प्रिंगचा काटा टांगलेला, बाळाला कापडी चड्डीत बसवून त्याला अडकवायचं, काटा स्थिर झाला की वजन वाचायचं, आईच्या पुस्तिकेतल्या आलेखावर ठिपका द्यायचा. मग कुपोषण ओळखायला दंडाभोवती पट्टी: ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. हीच पट्टी आपल्या अंगणवाडीत आहे. पट्टी लाल दाखवते तेव्हा आईच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते जपून पाहा आणि आकडा मोठ्याने ओरडू नका. पाच जणी ऐकत असतात.

गृहभेटीत बाळंतिणीचा ताप, स्राव, स्तनं, बाळाचा श्वास, नाळ, दूध ओढतंय का हे पाहायचं. आपल्या आशा ताई रुग्णालयातल्या प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी हेच करतात. घरी जाऊन नवजात बाळ वाचवता येतं हे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवलं, त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि त्यात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. परदेशातल्या मुलींना हे जरूर सांगा, अभिमानाने सांगा. केनियाने २०२३ मध्ये सुमारे १ लाख कम्युनिटी हेल्थ प्रमोटर नेमले. त्यांच्यासोबत फिरताना आपल्या आशा ताईंची आठवण पदोपदी येईल.

आधी इथेच काम करावं का?

हो, आणि हे मी आग्रहाने सांगते. सुरगाणा, पेठ, हरसूल या भागात किमान एक पावसाळा काढा. उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरसोबत ग्राम आरोग्य आणि पोषण दिवसाला बसा, कोकणा बोलणाऱ्या आजींशी बोला, पाड्यावरून १०२ किंवा १०८ ची गाडी यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. दुर्गम भागातल्या बाईला तारखेआधीच दवाखान्याजवळ आणून ठेवण्यासाठी आपल्याकडे माहेरघरं आहेत, इथिओपिया आणि झांबियातही तशीच घरं आहेत. हे इथे पाहिलं असेल तर तिथे नेमके प्रश्न विचारता येतात: जेवण कोण देतं, मोठ्या लेकराला कुठे ठेवते, नवरा पाठवतो का.

घरचे नाही म्हणतात. काय सांगू?

त्यांची भीती खरी असते, ती उडवून लावू नका. राहण्याचा पत्ता, तिथल्या समन्वयकाचा नंबर, भारतीय दूतावासाचा नंबर, विम्याची प्रत हे सगळं कागदावर त्यांच्या हातात द्या. व्हिडिओ कॉलवर समन्वयकाशी बोलणं करून द्या. रोज फोनची वेळ ठरवताना लक्षात ठेवा, केनिया आपल्या अडीच तास मागे आहे आणि नेपाळ पंधरा मिनिटं पुढे. एकटी जाण्यापेक्षा दोघी-तिघी जा. त्यानंतरही आई रडली तर थोडं थांबा, सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.

संस्था कशी पारखायची? खर्च किती?

खर्च देशागणिक आणि हंगामागणिक बदलतो, म्हणून आकड्यापेक्षा फोड मागा: राहणं-जेवण किती, तिथल्या रुग्णालयाला किंवा शाळेला किती, संस्थेच्या कार्यालयाला किती. तिकीट, व्हिसा, लसी आणि विमा बहुधा वेगळे पडतात. रुग्णालयाला काय मिळतं याचं उत्तर गोलगोल आलं तर मला ते पुरेसं कारण वाटतं नाही म्हणायला.

मग विचारा: देखरेख कोण करणार, तिचं पद काय? एका वेळी किती स्वयंसेवक? तिथल्याच विद्यार्थिनींची प्रसूतीची संधी आमच्यामुळे कमी होणार नाही ना? त्यांनाही त्यांचं लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची नोंदवही, भरायचं असतं. चांगली संस्था तुमचं शिक्षण तपासते, पोलिसांचा चारित्र्य दाखला मागते आणि दोन आठवड्यांच्या मुक्कामाला फारशी उत्सुक नसते. चार आठवड्यांपेक्षा कमी काळासाठी मी कुणाला जा म्हणत नाही. पहिला आठवडा वॉर्ड ओळखण्यातच जातो.

एजंट म्हणतो, स्वयंसेवक म्हणून जा, तिथे गेल्यावर नर्सची नोकरी लावून देतो.

अजिबात नको. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते आणि त्याच्या शुल्कालाही कायद्याने ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. आखातातल्या आणि इतर ठरावीक १८ देशांत नर्स पाठवण्याचे नियम तर आणखी कडक आहेत. स्वयंसेवेच्या कागदावर नोकरी करताना सापडलात तर दंड, हद्दपारी आणि पुढच्या व्हिसाला कायमचा अडथळा.

कागदपत्रं कोणती?

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावं लागतं. आधार कार्डावर जाता येईल असं धरून चालू नका. केनियात जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना आहे, पण पर्यटक म्हणून मिळालेल्या परवान्यावर रुग्णालयात काम करता येत नाही. स्वयंसेवेसाठी लागणारा पास बोलावणाऱ्या संस्थेने काढून द्यायचा असतो, तो हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

विद्यार्थिनींनी कॉलेजचं ना हरकत पत्र घ्यावं. बीएस्सीच्या मुलींचं विद्यापीठ म्हणजे आपलं म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या परीक्षा वेगळं राज्य मंडळ घेतं. कुणाची परवानगी कुठून घ्यायची ते प्राचार्यांना लेखी विचारा.

लसी?

हेपॅटायटिस बी चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना असतात, म्हणून तयारी सहा-सात महिने आधी सुरू करा आणि शेवटच्या डोसनंतर अँटिबॉडी तपासून घ्या, पातळी १० च्या वर हवी. धनुर्वात, टायफॉइड, कांजिण्या, गोवर-रुबेला पूर्ण आहेत का पाहा. रुबेला प्रसूती विभागात जाणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाची, तुमच्यामुळे गरोदर बाईला लागण होता कामा नये.

केनिया, युगांडा, घाना इथे जाणार असाल तर पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, मुंबईत आणि पुण्यात अशी केंद्रं आहेत. प्रमाणपत्र लस घेतल्याच्या दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतताना मुंबई विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं, सहा दिवसांपर्यंत. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. श्रीलंकेला त्या लागत नाहीत, २०१६ पासून तो देश मलेरियामुक्त आहे.

सुई टोचली तर?

साबण-पाण्याने धुवा, जखम पिळू नका, त्याच क्षणी इन्चार्ज सिस्टरला सांगा. एचआयव्ही प्रतिबंधाचं औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. लाजेने किंवा रागावतील या भीतीने लपवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. कृपा करून लपवू नका. पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: हे औषध इथे कुठल्या कपाटात असतं, रात्री किल्ली कुणाकडे असते?

औषधं, उपकरणं सोबत नेऊ का?

आधी रुग्णालयाकडून यादी मागवा. मुदत संपत आलेली औषधं दान म्हणून नेऊ नका, पोहोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. ज्याच्या पट्ट्या किंवा सेल तिथे मिळत नाहीत असं यंत्र महिन्याभरात कपाटावर जाऊन बसतं. स्वतःसाठी मात्र स्टेथो, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, बंद बूट, चष्मा, पुरेसे हातमोजे आणि केनियात चालणारा तीन चौकोनी पिनांचा प्लग न्या. सॅनिटरी पॅडही घरूनच.

फोटो काढावेत का?

रुग्णांचे नाहीत. बाळांचेही नाहीत, पाठमोरे नाहीत, ‘चेहरा झाकलाय’ म्हणूनही नाहीत. सिव्हिलमध्ये आपल्या वहिनीचा असा फोटो कुणी इन्स्टाग्रामवर टाकला तर कसं वाटेल, एवढा विचार पुरे.

आई किंवा बाळ दगावलं तर?

होऊ शकतं, आणि इथल्यापेक्षा जास्त वेळा होऊ शकतं. जे औषध नाशिकमध्ये पाच मिनिटांत हाताशी येतं ते तिथे संपलेलं असू शकतं, रक्तपेढी दूर असू शकते. हे पाहून राग येतो आणि तो कुणावर काढावा कळत नाही. तिथल्या सिस्टरवर काढू नका. ती हे दर महिन्याला पाहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीवर येते.

त्या वेळी बाजूला उभं राहून सांगितलेलं करा. नंतर त्या घरच्यांना एकांत मिळेल असं बघा, आईला बाळ पाहायचं असेल तर ते स्वच्छ गुंडाळून द्यायला मदत करा. संध्याकाळी गटात बोला. झोप लागत नसेल, तेच दृश्य पुन्हा पुन्हा समोर येत असेल तर समन्वयकाला सांगा, परत आल्यावर समुपदेशकाकडे जा. मनाची शक्ती कमी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. परतल्यावर पहिल्या आठवड्यात मुलींशी मी स्वतः बोलते, कारण घरी आल्यावर सगळे विमानप्रवासाबद्दल विचारतात आणि हे कुणी विचारत नाही.

तिथलं काम माझ्या लॉगबुकात धरतील का?

आधी लेखी मान्यता असेल तरच. नसेल तर धरणार नाहीत, त्या भरवशावर जाऊ नका.

जेवणाचं कसं?

शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही. केनियात उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत पालेभाजी, राजम्यासारख्या शेंगबिया आणि चपातीसुद्धा मिळते. नेपाळमध्ये डाळ-भात. थोडा मसाला आणि मेतकूट सोबत ठेवा.

अर्जाच्या पत्रात काय लिहू?

‘मला लहानपणापासून सेवेची आवड आहे’ याने सुरुवात नको, सगळ्यांचं पत्र तिथूनच सुरू होतं. तुम्ही काय करू शकता ते लिहा: रक्तदाब मोजता येतो, गर्भाची स्थिती चाचपून ओळखता येते, पार्टोग्राफ भरलेला आहे, इतक्या गृहभेटी केल्या आहेत. काय करता येत नाही तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. पेठच्या किंवा सुरगाण्याच्या एखाद्या उपकेंद्रात पाहिलेली एक गोष्ट चार ओळींत सांगा. शेवटी, तिथल्या विद्यार्थिनींकडून तुम्हाला नेमकं काय शिकायचं आहे ते लिहा, आणि पत्रासोबत ज्यांनी तुम्हाला वॉर्डात प्रत्यक्ष पाहिलंय अशा सिस्टरचं किंवा ट्युटर मॅडमचं शिफारसपत्र जोडा.